खालाचा अठरा

बद्रुन्निसाला आठ बोटं होती. डाव्या हाताला पाच, उजव्या हाताला तीन. विडीच्या कारखान्यात आईच्या कडेवर बसून नवं पोर आलं की पहिला दिवस रडण्यात घालवायचं आणि दुसऱ्या दिवशी बद्रुन्निसाची बोटं मोजायला बसायचं. तीही दोन्ही हात पुढे करून बसायची, जणू मेंदी काढून घेते आहे.

"दोन कुठं गेली, खाला?"

"गावाला गेली."

"कवा येनार?"

"तू धा-पातुर मोजाया शिकलास, की बघाया येतील."

खरं म्हणजे ती बोटं कापसाची सरकी काढण्याच्या गिरणीत, यंत्राच्या दातात गेली होती. नवरा त्याआधीच गेला होता. तीन बोटांच्या हाताची बाई गिरणीने ठेवली नाही, आणि विडी वळायला तर दहाही बोटं लागतात. तरी ती आबासाहेबांच्या विडीच्या कारखान्यात विचारायला आली. तिथे साठेक बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि त्यांची पोरं तंबाखूच्या भुकटीत लोळायची, खोकायची, कात्रीला हात घालायची. सहादेव मुकादमाला त्यांची कटकट नको होती. त्याने बद्रुन्निसाला मागच्या परसात पोरं राखायला बसवलं. कारखान्याने तिला काही द्यायचं नव्हतं. ज्या बाईचं पोर तिने आठवड्याला ओंजळभर ज्वारी द्यायची, असं ठरलं. अशी ती वीस-बावीस पोरांची खाला, म्हणजे मावशी, झाली.

आमचं बिऱ्हाड नगरच्या तोफखाना भागात होतं आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या परसात उघडायची. कारखान्याचं मागचं दार उघडं असलं की आत बसलेल्या बायकाही दिसायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं. मी बी.ए. होऊन, लग्न करून नगरला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात माणसं दोन, यजमान दिवसभर कोर्टात. तांदूळ निवडता निवडता माझं लक्ष सारखं खिडकीबाहेर जायचं. ही १९४३ सालची गोष्ट.

खालाने कधी कुणाकडून उजळणी म्हणून घेतली नाही. तिला स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. ती नुसती विचारायची. "शेळीला पाय किती?" पोरं ओरडायची, चार. "आन शेळी बसल्याव?" मग परसात जी शांतता व्हायची ती ऐकण्यासारखी असे. एकदा तर दोन दिवस भांडण चाललं होतं. एक गट म्हणे, बसली तरी चारच. दुसरा म्हणे, दिसत नाहीत तर कसले चार? तिसऱ्या दिवशी गल्लीतली शेळी ओढून आणली गेली. ती बसेना. सगळी पोरं तिच्यासमोर बसली, तिला बसायचं कसं ते दाखवायला.

परसात एक चिंच होती. शेंगा पिकल्या की खाला एकेक शेंग पोराच्या हातात द्यायची. फोडायची नाही. टरफलावरून बोट फिरवायचं, उंचवटे चाचपायचे आणि आत चिंचोके किती ते सांगायचं. मगच फोडायची. कधी कधी एखादी जागा पोकळ निघायची. बोटाला पाच लागलेले आणि आत चारच. त्या वेळी पोरांच्या तोंडाकडे बघावं. आपल्याच बोटाने आपल्याला फसवलं, याचा त्यांना कोण आनंद व्हायचा. पोकळ जागा आधी ओळखता यायची ती एकट्या खालाला. शेंग कानाशी हलवून ती गालात हसायची, पण सांगायची नाही.

त्या पोरांत कडूबाईची मुलगी होती, पुष्पावती. कडूबाईच्या आईने मुलगी जगावी म्हणून तिला नावाने कडू केलं होतं. कडूबाईने आपल्या मुलीला फूल केलं. पाचवं वर्ष लागलेलं, नाकाला कायम शेंबूड आणि डोळे असे, की बघितलेलं काही सोडणार नाही. एकदा एक शेंग सबंधच पोकळ निघाली. खालाने विचारलं, "किती?" पोरं म्हणाली, काहीच नाही. "काहीच न्हाई म्हंजी किती?" पुष्पीने विचार केला. "शेंगंयेवडं काहीच न्हाई," ती म्हणाली. कॉलेजात गणिताच्या प्रोफेसरांनी शून्य सांगितलं होतं त्यापेक्षा ते मला जास्त समजलं.

एका दुपारी पुष्पीने आपले तळवे खालाच्या तळव्यांना लावले, बोटाला बोट. तिच्या एका हाताची दोन बोटं समोर कुणी नसल्यामुळे तशीच उभी राहिली. तिने त्या फटीतून खालाच्या तोंडाकडे बघितलं. मग आपली दहा मोजली, तशीच पुढे खालाची मोजत गेली आणि थांबली.

"खाला, तू आन मी मिळून अठरा."

"आन तू आन तुजी आई?"

पुष्पी आत पळाली. तंबाखूने काळे झालेले आईचे हात मोजून, पाठीत एक धपाटा खाऊन परत आली. "ईस. पन ईस काय, समद्यांचंच असत्यात. अठरा फकस्त आपलंच."

त्यानंतर मोजताना अठरा आला की दोघी एकमेकींकडे बघायच्या.

खालाला एकच चिंता होती. परसावर छप्पर नव्हतं. पाऊसकाळ लागला की पोरं पुन्हा चार महिने आत, तंबाखूत. "चार पत्रं मिळालं तर लई झालं, वैनी," ती मला म्हणाली. "आबासाहेब माजं ऐकायचं न्हाईत. तुमी शिकलेल्या."

मला ते काम फार आवडलं. मी आबासाहेबांकडे गेले आणि म्हटलं, एकदा स्वतः येऊन बघा. ते आले. शुभ्र धोतर, हळू बोलणं. शेळीचं ऐकून हसले. शेंगांचं ऐकलं. मग मला विचारलं, "या वयात इतकं मोजता येतं?"

"येतं, आणि आनंदानं येतं," मी म्हटलं.

त्यांनी सहादेवला मूठभर विड्या आणायला सांगितलं आणि पुष्पीपुढे ठेवल्या. "यातल्या पंचवीस दे बरं." पुष्पीने मोजल्या. अठराला खालाकडे बघितलं. पंचविसाला थांबून उरलेली विडी त्यांच्या हातात दिली. "ही एक जास्ती हाय."

आबासाहेबांनी सहादेवकडे बघितलं. ती नजर मी पाहिली आणि मला वाटलं, हे कौतुक आहे.

पत्रे देतो म्हणाले. वर, "तुमचा अभिप्राय लिहून द्या, वहिनी," असंही म्हणाले. मी घरी येऊन चांगला पानभर लिहिला. 'येथे संख्या मुलांना खेळगड्यांसारख्या भेटतात. येथे सक्ती नाही, शिक्षा नाही.' खाली सही, पुढे बी.ए.

आठ दिवसांत छप्पर उभं राहिलं. खालाने पोरांकडून पत्र्यांच्या पन्हाळ्या मोजून घेतल्या, खिळे मोजून घेतले. दहाव्या दिवशी सहादेव सुट्या विड्यांच्या टोपल्या आणि दोऱ्याची रिळं घेऊन छपरात आला.

आधी असं होतं की दिवसभर वळलेल्या विड्या बायका संध्याकाळी स्वतः मोजायच्या आणि पंचवीस-पंचविसांचे कट्टे बांधायच्या. त्यात तास-दीड तास जायचा. आता ते पोरांनी करायचं आणि तेवढ्या वेळात बाईने आणखी दोनशे विड्या वळायच्या. नगरच्या छावणीत लढाईमुळे पलटणी वाढल्या होत्या, माल कितीही खपत होता. बायकांनीही आधी कुरकुर केली नाही. परसात उंडारणारं पोर आईच्या कामाला आलं, याचं त्यांना बरंच वाटलं.

खाला माझ्या मागच्या दाराशी आली.

"वैनी, पोरं मोजत्यात."

"मग?"

"निस्ती मोजत्यात. सकाळधरनं पंचवीस, पंचवीस. सव्वीस काय असतं त्ये कुनी इचारीना."

मी आबासाहेबांच्या कचेरीत गेले. माझा अभिप्राय काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला होता. त्यांनी चहा मागवला.

"खेळच आहे, वहिनी. तुम्हीच लिहिलंत. सक्ती मी कुठं करतो? आया आणून बसवतात."

"लहान आहेत हो ती."

"लहान आहेत म्हणून तर बोटं बारीक आहेत. दोरा छान बसतो." पानांचा भाव सांगावा तसं ते म्हणाले.

त्याच आठवड्यात कारखान्यात लहान मुलं कामाला आहेत का ते बघायला सरकारी माणूस आला. आबासाहेबांनी त्याला छपरात नेलं, म्हणाले, आमचा शिशुवर्ग. चौकट दाखवली. मला बोलावणं आलं. "सही आपलीच?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "सही माझीच आहे, पण..." तेवढ्यात त्याने वही मिटली होती आणि चहा आला होता. मी पुन्हा तोंड उघडू शकले असते. उघडलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी तांदूळ निवडत होते. छपरातून मोजणी ऐकू येत होती. "...पंधरा, सोळा, सतरा, एकोनीस, ईस..." माझा हात थांबला. पुन्हा ऐकलं. वीसच्या वीस पोरं एका सुरात सतरावरून एकोणिसावर जात होती.

संध्याकाळी खालाला विचारलं.

"अठरा झोपलाय," ती म्हणाली. "लई दमलाय त्यो. त्याला उठवायचं न्हाई, हळूच त्याच्यावरनं उडी मारायची, असं सांगितलंय पोरास्नी."

"अहो, सगळे कट्टे चोविसाचे होतील."

"व्हतील की. चार दिस व्हतील. मंग आबासाहेब म्हनंल, ही पोरं कामाची न्हाईत. कामावरनं उठवा त्यास्नी."

"आणि पुष्पीला काय सांगितलंत? ती कशी विसरेल?"

खालाने आपल्या तीन बोटांकडे बघितलं. "तिला म्हनलं, आपला अठरा त्यास्नी द्यायचा न्हाई."

छावणीतल्या दुकानदाराने दोन खोकी परत पाठवली. सहादेवने कट्टे सोडून बघितले. कट्टा एका विडीने कमी असला तरी सगळाच छाट, म्हणजे बाद, असा कारखान्याचा नियम होता. बाईने तेवढ्या विड्या पुन्हा वळून भरायच्या. बायका अंधार पडेपर्यंत बसू लागल्या. घरी गेल्यावर हात पोरांवर चालू लागले. सकाळी पोरं यायची ती गालावर वळ घेऊन. कडूबाईने पुष्पीचे कान असे पिरगाळले की मागून कातडं सुटलं. खालाने तिथे हळद लावली.

"थांबवू या का हे?" मी विचारलं.

"आनखी दोन दिस, वैनी. आत्ता थांबवलं तर ह्यो मार फुकट जाईल."

मलाही तसंच वाटलं. मी हो म्हटलं, हे मला सांगायला हवं.

पाचव्या दिवशी दुपारी सहादेवने बायकांना सांगितलं, "उद्यापासनं पोरं उठवतो. ज्याचं त्यानं बांधा, पयल्यावानी." बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. खालाने परसातून माझ्या खिडकीकडे बघितलं. फक्त ती संध्याकाळ उरली होती.

सहादेव वीस वर्षं विड्या मोजत आला होता. संध्याकाळी शेवटचे कट्टे सोडताना त्याच्या लक्षात आलं, की पोरं चुकतात ती अशी चुकत नाहीत. एखादं दोनने चुकतं, एखादं पाचाने, एखाद्याचा कट्टा जास्तही भरतो. इथे सगळे कट्टे एकानेच कमी. तो चिडला नाही. त्याने पुष्पीला जवळ घेतलं आणि गुळाचा खडा दिला.

"मोज बरं, पुष्पे."

पुष्पीने मोजलं. सतरा, एकोणीस.

"सतरा आन एकोनिसाच्या मधी काय असतं गं?"

"सांगायचं न्हाई."

"बरं ऱ्हाऊ दे. तुला येत नसंल."

"येतं की."

"कशाचं येतंय? ल्हान हायेस अजून."

एवढं पुरलं. पुष्पीने गूळ तोंडात टाकला, पळत जाऊन खालाला हाताला धरून साठ बायकांच्या मधे आणलं आणि तिच्या तळव्यांना आपले तळवे लावून दाखवले. "ह्ये बघा. माजी धा, खालाची आठ. ह्यो आमचा अठरा. त्यो झोपलेला न्हाई, खालानं खोटंच सांगितलंय समद्यास्नी. त्यो तुमाला द्यायचा न्हाई, असं ठरलंय आमचं."

कात्र्या थांबल्या.

"व्हय गं खाला?" कडूबाईने विचारलं.

"व्हय."

"तू शिकवलंस ह्ये?"

"पोरं सुटावीत म्हनून."

"पोरं सुटावीत," रंगुबाई म्हणाली. ती सगळ्यांत जुनी कामकरीण. "आन आमच्या पाच दिसांच्या इड्या मातीत. दोन बोटं गिरनीनं खाल्ली हिची, उरलेली आट आमाला खायाला निगाली."

कुणीतरी हसलं. कडूबाई हसली नाही. "मी हिचा कान फाडला," ती पुष्पीकडे बोट करून म्हणाली. "तू हळद लावलीस त्याच्यावर. तवा बी बोलली न्हाईस."



आबासाहेब कचेरीच्या दारात येऊन उभे होते. "हिला मी ठेवलेली नाही," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "ज्वारी तुम्ही देता. ठेवायची का काढायची, तुम्हीच सांगा."

मी खिडकीत होते, तिथून हलले नाही. कडूबाईने सूप मांडीवर ओढलं आणि पान कापायला घेतलं. मग शेजारणीने घेतलं. हळूहळू साठही कात्र्या चालू झाल्या. खालाला जे समजायचं ते समजलं. ती चिंचोक्यांची पिशवी घ्यायला छपरात गेली आणि न घेताच परत आली.

पुष्पी तिच्यामागे दारापर्यंत गेली. गुळाने तोंड चिकट झालेलं. "बराबर सांगितलं न्हवं मी, खाला?"

"बराबर सांगितलंस," खाला म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पोरं उठवली नाहीत. आता त्यांना बरोबर येतं, हे सगळ्यांना कळलं होतं. आया मारून शिकवत होत्याच, चार दिवसांत अठरा पुन्हा आपल्या जागी आला. पुष्पीला सहादेवने इतरांचे कट्टे तपासायला बसवलं. कमी कट्टा दिसला की तिने हात वर करायचा. तिची नजर पक्की होती, एकही सुटायचा नाही. पोरं तिला भिऊ लागली.

माघ महिन्यात खाला माझ्या दाराशी आली. झेंडीगेटला भावाच्या घरात राहत होती. पार वाळली होती. पाणी प्याली, मग पदराच्या गाठीतून एक चिंचेची शेंग काढली. तपकिरी, टपोरी.

"पुष्पीला द्या, वैनी. म्हनावं, फोडायच्या आदी सांग. मी हितंच बसते."

मी दुपारच्या सुट्टीत छपरात गेले. पुष्पी भाकरी खात होती. "खालानं पाठवलीय," मी म्हटलं. "आत किती, न फोडता सांग."

पुष्पीने शेंग घेतली, दोन अंगठ्यांत धरली आणि कडकन फोडली.

"अगं, न फोडता."

"न फोडता कसं कळंल?" तिने चिंचोके काढून सुपात टाकले. "सहा." आणि दुसरी शेंग मागायला हात पुढे केला.

परत येताना मी ठरवलं, की या बाईला एवढं तरी सुख द्यावं.

"किती म्हनली?" खालाने विचारलं.

"सहा."

"न फोडता?"

"न फोडता. चाचपूनच सांगितलं. अगदी बरोबर निघाले."

खाला उंबऱ्यावर बसली होती. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची तीन बोटं मिटली आणि पुन्हा उघडली.

"बोटाला सात लागत्यात, वैनी," ती म्हणाली. "एक जागा पोकळ हाय. म्हनून तर तीच निवडली हुती."

मग ती भिंतीला धरून उठली, पदर सारखा केला आणि छपराकडे न बघता गल्लीने निघून गेली.